आकुंचनाची सूट

प्रोफाइलला नाव हवं होतं, ते होतं: तस्लीम कलीमोद्दीन.
नावाखाली एक ओळ हवी होती, ती नव्हती.
रिकाम्या चौकोनात कर्सर लुकलुकत राहिला
वसमत रोडवरच्या बिघडलेल्या सिग्नलसारखा.

वाळूजच्या कंपनीत नऊ वर्षं
मी ओतकामाचे पॅटर्न काढले.
तिथं माझं नाव ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात,
दोन मिलिमीटर उंचीचं.
टी. के., एवढंच.
डिपार्टमेंट पुण्याला गेलं, मी परभणीला आले.

अब्बा म्हणाले, बोर्ड लाव.
कलीम आर्टचे ब्रश अजून रॉकेलच्या डब्यात उभे आहेत.
जिंतूर रोडची कृषी केंद्रं, मेडिकलं, दातांचे दवाखाने,
फ्लेक्स येईपर्यंत सगळ्यांची नावं त्यांच्याच हातची.
धावत्या एसटीतून वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा नियम.
अक्षर भरून झालं की रस्ता ओलांडून पलीकडे जायचे,
डोळे बारीक करून बघायचे.

मी म्हटलं, अब्बा, माझं गिऱ्हाईक या रस्त्यानं जात नाही.

ते कुठून जातं हे मलाही ठाऊक नव्हतं.
तिथं रोज सकाळी लोक नम्रपणे जाहीर करत होते
की ते किती नम्र आहेत.
एकाला बढती मिळाली होती, एकाला अंतर्दृष्टी,
एकानं मुलीच्या वाढदिवसाच्या केकमधून
व्यवस्थापनाचे पाच धडे कापून काढले होते.
मीही लिहिलं. इम्पेलरचा रंगीत फोटो,
खाली 'ध्यास उत्कृष्टतेचा'.
पैठणच्या मावसभावाचा माशाल्लाह आला,
एका विमा एजंटाचा अंगठा,
आणि मग त्याचाच फोन.

मग एका रात्री, लाइट गेलेली,
मोबाइल बारा टक्क्यांवर,
खरं ते लिहून टाकलं:
की धातू थंड होताना आकसतो,
म्हणून पॅटर्न मूळ मापापेक्षा मोठा काढतात.
लोखंडाला शंभराला एक, ॲल्युमिनियमला थोडी जास्त.
तिसऱ्या वर्षी मी ॲल्युमिनियमला लोखंडाची सूट दिली
आणि चाळीस नग भंगारात गेले.
फोरमन बिडवे काही बोलला नाही,
त्यातला एक नग माझ्या टेबलावर
पेपरवेट म्हणून ठेवून गेला.
अजून आहे. फोटो जोडला.

तीन लाइक.

अठराव्या दिवशी राजकोटहून एक माणूस:
आमचेही नग बारीक येतात. बघाल का?
पुढे कोटेशन, घासाघीस,
ॲडव्हान्ससाठी तीनदा आठवण, एकदा अबोला.
पैसे आल्याचा मेसेज वाजला तेव्हा
मी बाजारात होते,
मेथीची जुडी हातातच राहिली आणि बाई म्हणाली,
घ्यायलीस का नुसती हुंगायलीस?

आता आठवड्याला एक चूक लिहिते.
पुरतील. नऊ वर्षांच्या आहेत.

नावाखालची ओळ परवा सुचली:
साचे काढते, आकसण्याचा हिशेब धरून.

अब्बांनी विचारलं, बोर्ड कुठं लावलास, दाखव तरी.
फोन खिडकीत कुंडीला टेकवून उभा केला.
ते चप्पल घालून बाहेर गेले, गल्ली ओलांडली,
समोरच्या पिठाच्या गिरणीला पाठ लावून
डोळे बारीक केले.
तिथून काय दिसणार, टिकलीएवढा उजेड.

परत येऊन म्हणाले, नाव जरा मोठं काढलंस.
सूट ठेवलीय, मी म्हटलं. थंड होताना आकसेल.
ते डब्यातला एक ब्रश उचलून
अंगठ्यानं त्याचे केस मोकळे करत राहिले.
रंग आकसत नसतो, बेटा.
उडतो.
दर दोन वर्षांनी शिडी लावून पुन्हा मारावा लागतो.