रातखांड

कोपरखैरण्यात बेकरीच्या वर माझा स्टुडिओ.
आठ बाय दहा. भिंतींना अंड्यांचे ट्रे, दाराला गोधडी,
आणि एक पाटी : गाताना पंखा बंद.

नित्येश तांडेलनं तिथं धवलारीण आणली,
करावे गावची चाहूबाई. वय विचारलं तर म्हणाली,
"जेवरं आठवतं तेवरं."
हळदीचा ट्रॅक होता. ठेका नित्येशचा,
मध्ये थोडी जागा तिच्या जुन्या ओळीला.
हेडफोन तिनं पदरावरूनच घातला,
घसा साफ केला, आणि

हलद कुठं सांडली गो नवरी, हलद कुठं सांडली
रातखांडला सांडली गो आये, रातखांडला सांडली

मी थांबवलं. शब्द नीट उमटला की नाही
एवढंच बघायचं होतं खरं तर.
"रातखांड म्हणजे काय, मावशी?"
नित्येश म्हणाला, असेल भेटायची जागा,
रात आहे, खांड म्हणजे साखर,
भारी आहे रे, राहू दे.

चाहूबाईनं हेडफोन उतरवून मांडीवर ठेवला,
मांजराचं पिल्लू ठेवावं तसा.

"साकर नाय रं बाला.
बांध फुटतं ती खांड.
आमचे खारीचा बांध पुनवेचे उधानान फुटला,
मध्यान राती, आन् घरान लगीन.
दरवाजं काढलं चौकटींचं, मांडवाचं बांबू काढलं,
पानी आरवाया सगलं नेलं.
चिखलाचं गोलं या हातान् त्या हातान्,
त्या रांगंन नवरी पन. हलदीची. कंबरभर पान्यान.
फाटं वोहोटी लागली तवा भायेर आली
त अंगाव हलद कुठं?
पुना लावाया गेली बाया, त बोलली,
नको. लागली ती लागली."

"कोण होती ती?"

"बायचं नाव कुठं रातं?
जागंला पडलं."

मी विचारलं, बांध वाचला का.
"बांध वाचला. पीक नाय आलं त्या साली.
मीठ शिरल्याव कसं येल?"

नित्येश बोटांवर मोजत होता.
लोकांना कळणार नाही, म्हणाला. पामबीच घेऊया.
पामबीचला सांडली. बघ, बसतंय.
बसलं. सहाला सहा मात्रा,
जणू कुणी आधीपासून माप घेऊन ठेवलं होतं.
मला वाटलं ती नाही म्हणेल.
ती म्हणाली, "मंग काय झाला? रस्ता कनाचे वर हाय?"
आणि एका टेकमध्ये गायली.
पैसे दोनदा मोजले,
खालून पाव किलो खारी घेतली, रिक्षात बसली.

यंदा सगळ्या हळदींना तेच वाजतंय,
घणसोलीपासून दिवाळ्यापर्यंत.
'पामबीच' आलं की पोरं दोन्ही मुठी पुढे धरून
हवेत बाइक पळवतात.
माझं नाव शेवटी येतं, स्पीकरवर ते कोण ऐकतं?

मी भाड्यानं राहतो तिकडेच, नेरूळला, खाडीच्या अंगाला.
मे महिना. आभाळ कोरडं ठक्क.
आणि आमच्या लिफ्टच्या खड्ड्यात पाणी.
मेकॅनिक बॅटरी घेऊन उतरला,
बोट बुडवलं, जिभेला लावलं, थुंकला.
"खारं आहे. कुठून येतंय कळत नाही."
सेक्रेटरी म्हणाले, टाकी फुटली असेल.
मेकॅनिक म्हणाला, टाकीत मीठ घालता का?

मी वर बघितलं. जिन्याच्या जाळीतून
चंद्र, एखाद दिवस कमी.

तक्रारवहीत रकाने होते :
तारीख, फ्लॅट क्रमांक, ठिकाण.
तिसऱ्यात मी लिहिलं, रातखांड.

दुसऱ्या दिवशी पाहिलं तर सेक्रेटरींनी
लाल पेननं ते खोडून
वर लिहिलं होतं, बी विंग.
खोडलेलं मात्र वाचता येत होतं.