खिडकी क्रमांक दोन, पेल्हम कोव्ह

ऑरिन पेल्की दर ऑक्टोबरात येतो,
घरपट्टीचा पहिला हप्ता, चुरगळलेल्या नोटा
आणि तीच तक्रार:
बर्फ काढणारी गाडी माझ्या फाटकाआधीच,
शेवटच्या खांबाशी वळते,
मग कर कसला घेता, वळणाचा?

मी लिहून घेते. चौदा वर्षं लिहून घेतेय.

यंदा नोटा मोजून झाल्या तरी हलला नाही.
करवतींना धार लावायच्या दुकानाचा परवाना
काचेखालून सरकवला.
"बंद कर हा. हात कापतात आता."

फॉर्मवर कारणांचे चार चौकोन:
विक्री, स्थलांतर, दिवाळं, मृत्यू.
कापऱ्या हातांना चौकोन नाही.
मागे रांगेत कुत्र्याच्या बिल्ल्यासाठी आलेली दोन पोरं,
आणि शिंपले खणायचा परवाना हवा असलेली लुसिल,
गमबुटांतून फरशीवर चिखल गाळत.
कुणी घाई केली नाही.

पेन शोधताना ऑफिसची कात्री हाती आली.
"हिला बघ जरा," म्हटलं, "नुसती कागद चावते."
त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला.
अंगठा कापला नाही.
कात्री कोटाच्या खिशात टाकून
पावती विसरून गेला.

फॉर्म खणात आहे, कोरा.
उद्या रस्ते खात्याला फोन करायचाय,
त्या खांबाबद्दल,
पंधराव्यांदा.