ऐच्छिक

शाळेची चिठ्ठी दोन भाषांत आली होती,
इंग्रजीत आणि पोर्तुगीजमध्ये.
आमच्या घरची भाषा तिसरीच,
तिच्यात अजून कुणी अर्ज छापत नाही.

'ऐच्छिक' हा शब्द मी दोनदा वाचला.
दर गुरुवारी घरच्या घरी
मुलाच्या नाकात कापसाची काडी फिरवायची,
पंधरा मिनिटं थांबायचं,
दोन रेघा उमटल्या तरच नर्सबाईंना फोन.
सक्ती नाही.
मी सही केली. सहीला पैसे पडत नाहीत.
खोका फ्रीजवर, मक्याच्या पिठाच्या पिशवीआड,
आणि चार गुरुवार मी तिकडे मान वर केली नाही.

इच्छा म्हणजे काय, ते मला विचारा.
न्यू बेडफर्डच्या धक्क्यावर, मासळीच्या कारखान्यात,
रात्रपाळीला कॉड सोलणाऱ्या आम्ही अकराजणी.
ड्वेन म्हणतो, बरं नसेल तर घरी राहा,
तुमची मर्जी.
त्या रात्रीचा पगार मग त्याची मर्जी.
इवोन दहा दिवस घरी राहिली.
अकराव्या रात्री तिच्या जागी
दुसरीच कुणीतरी सुरी परजत होती.

आदिल्सन अकरा वर्षांचा.
सकाळी सहाला मी येते, त्याला हलवते,
आणि डोळे न उघडताच तो नाक मुरडतो:
"मम्मा, मासा!"
लिंबू चोळून झालं, मीठ झालं, कॉफीचा चोथा झाला,
नखांच्या कडांतून कॉड निघत नाही.
आमच्याकडे असंच उजाडतं.

जानेवारीतला गुरुवार.
बोटींच्या दोरांवर बर्फ, जिन्यावर बर्फ.
मी त्याच्या गालाला हात लावला.
त्याने तो ओढून घेतला,
अख्खं तोंड माझ्या तळव्यात खुपसलं
आणि म्हणाला,
"आज हात धुऊन आलीस?"

मी हात धुतले नव्हते.
कारखान्यातला नळ गोठला होता,
मोजे काढून तशीच बस पकडली होती.

खोका त्यानेच उतरवला, खुर्चीवर चढून.
"पाच वेळा गोल, मम्मा, दोन्हीकडे. तू मोज."
मी मोजलं,
उन, दोस, त्रेस, क्वातु, सिंकु,
त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि तो हसला.

पंधरा मिनिटं.
स्टोव्हच्या घड्याळावर.
खाली कुणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं.
मला भाडं आठवलं,
मग त्याच्या शेजारी बसणारी प्रिसिला,
जिच्या घरी आजोबा नळीतून श्वास घेतात,
मग पुन्हा भाडं.

एक रेघ लगेच आली.
दुसरी आली की नाही,
हे मी पट्टी हातात घेऊन घरभर विचारत फिरले.
दिव्याखाली एक.
खिडकीशी दीड.
"फिकी रेघही रेघच असते," आदिल्सन म्हणाला,
"मिसेस थिबोडो सांगतात."
इतक्या हळू की
नाही ऐकलं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

फोन मीच लावला.
नर्सबाई ओरडल्या नाहीत, चार गुरुवारांचं विचारलंही नाही.
नाव, वर्ग, ताप आहे का.
मग म्हणाल्या, "आणि तुम्ही?
खोक्यात दोन काड्या असतात."
मी म्हटलं, ती विद्यार्थ्यांसाठी आहे.
पलीकडे कागद उलटल्याचा आवाज.
"मी काड्या मोजत नाही, झुल्मिरा."

आता दुपारचे तीन.
पाळी नऊला.
दुसरी काडी टेबलावर, अजून कागदात,
तिच्या शेजारी फोन,
ड्वेनचा नंबर काढून ठेवलेला.
आदिल्सन पांघरूण गुंडाळून समोर येऊन बसलाय.
"मी मोजतो तुझ्यासाठी," म्हणतो, "पाचपर्यंत."

थांब, मी म्हणते.
कागद फाडायच्या आधी
मी माझाच हात
नाकाशी नेते.