दोन मिलिमीटर

धंतोलीत रात्री पावणेबाराला
डिकीत मावत नाही म्हणून दोन पायांमध्ये धरून
मी सेट आणतो.
स्टीलचा डबा, वर मार्करनं: टिबिया, जिगसहित.
मी डॉक्टर नाही. बी.एस्सी. नापास.
पण कोणत्या स्लीव्हमधून कोणता ड्रिल जातो
हे झोपेतही सांगेन.

टेबलावर नन्नावरे, लाइनमन,
कोराडी रोडच्या खांबावरून पडलेला.
नडगीचे तीन तुकडे.
आधी गुडघ्यातून गाईडवायर सोडतात,
टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा मणी.
ती अंधारात चाचपडत उतरते,
तुटल्या जागी थबकते,
डॉक्टर बोंद्रे मनगट जरासं फिरवतात
आणि पडद्यावर मणी पलीकडे दिसतो.
मेश्राम सिस्टर तेव्हाच श्वास सोडतात.

तारेवरून नेल. मग तार बाहेर.
उद्याच्या एक्स-रेत ती नसते.

मग जिग:
कातडीबाहेर धरलेला लांब हात,
आतली भोकं न बघता दाखवणारा.
वरचे दोन स्क्रू बसले.
खाली, घोट्याजवळ, ड्रिल नेलवर घासला.
पुन्हा लावला. पुन्हा तोच आवाज.
"काहून घासून राहिला बे हा?"

परवा पंचशील चौकात, सिग्नल सुटता सुटता
डबा माझ्या पायांतून निसटला होता.
मी उचलला, पुसला, झाकण लावलं.
ऑफिसात बोललो नाही. पगारातून कापतात.

एसीतही शिशाच्या एप्रनखाली घाम.
"सर, पडला होता माझ्याकडून. वाकला असंन."

कोणी ओरडलं नाही.
डॉक्टरांनी जिग ट्रेमध्ये ठेवला,
सी-आर्म फिरवत राहिले
नेलचं भोक पडद्यावर पुरतं गोल होईस्तोवर,
आणि नुसत्या हातानं ड्रिल घातला.
अर्धा तास जास्त.
अर्ध्या तासाची किरणं, सगळ्यांच्याच अंगावर.

सकाळी हिंगण्यात, पटलेच्या लेथवर.
त्यानं जिग सपाट प्लेटवर आडवा ठेवला,
फटीत पत्ती सरकवली.
"दोन मिलिमीटर. सरळ करून देतो,
पण भरवशाचा नाही राहिला गड्या.
मार खाल्लेलं लोखंड
सरळ दिसते फक्त."

दुपारी वॉर्डात गेलो. काम काहीच नव्हतं.
नन्नावरेनं विचारलं, तुम्ही कोण?
म्हटलं, डबा आणणारा.
"मग तुम्हाले माहीत असंन,
हे लोखंड अंदर ठेवून खांबावर चढलो
तं करंट जास्त लागन काय?"

मला माहीत नव्हतं. तसंच सांगितलं.
तो हसला,
आणि न विचारता पायाची बोटं हलवून दाखवली,
पाचही.