पुरायची राहिलेली नाळ

खडकीच्या प्रसूतिगृहातून
पहाटे चार दहाला फ्रान्सिना सिस्टरचा फोन :
"झाली. मुलगी. सही घेतलीय. ये."
बर्फाचा डबा स्कूटरवर पायाशी,
रेंज हिल्स, विद्यापीठाचा चौक, पाषाण.
घोट्यांनी डबा आवळत मी येते.

आत वीतभर नाळ.
आमच्यात ती पुरतात.
माझी म्हणे शिरूरला, गोठ्यामागे.
हिची मी शिरेतून धुते, कोमट विकराने.
पेशी सुटतात, गोल, बावचळलेल्या,
तळ लागला की पाय पसरतात,
शेजारणीला चाचपतात
आणि धरतात.

हे धरणं म्हणजे एक प्रथिन.
अर्धं हिच्या अंगातून आलेलं, अर्धं तिच्या,
आणि ताठ राहायला थोडं कॅल्शियम.
ते काढून घेतलं
की काही मिनिटांत हात सुटतात.
मी काढून पाहिलंय.

आठव्या दिवशी त्यांच्यावर ओतते
गाठीच्या पेशींनी वापरून सोडलेलं पाणी.
गाठ उपाशी असते, हाक मारते,
आणि या, आठ दिवसांच्या पोरी,
शेजारणीचा हात अर्धा सोडून
दुसऱ्याच प्रथिनाने जमीन पकडतात.
एक पुढे सरते. बाकीच्या तिच्यामागे.
सकाळी जेलवर नळ्यांचं जाळं,
सुतारवाडीच्या चढावर
रातोरात जोडलेल्या चोरट्या नळांसारखं,
सांध्यासांध्यातून झिरपणारं.

झिरपतं, म्हणून औषध आतवर पोचत नाही.
झिरपतं, म्हणून एखादी पेशी तिथूनच निसटते
आणि फुफ्फुसात जाऊन बसते.
बर्वेसर म्हणतात, हात तोडा, जाळंच नको.
मी म्हणते, आधी घट्ट तरी करू,
औषध जाऊ दे आत.
सहा वर्षं हाच वाद, त्याच कॅन्टीनमध्ये,
त्याच गार झालेल्या चहावर.

शेजारच्या डिशमध्ये सरांचं प्रतिपिंड.
जाळं विरलं.
सुंदर निकाल. फोटो घेतला.
पेशी पुन्हा गोल, एकेकट्या,
पहिल्या दिवशी होत्या तशा.

वहीत : नाळ क्र. २६, मुलगी, २.७ किलो.
सहा पिढ्या वाढतात, मग थकतात.
उरलेला तुकडा नियमाने पिवळ्या पिशवीत.

परवा फ्रान्सिनाचा पुन्हा फोन,
"ती बाई, लोखंडे, तपासणीला आलेली.
विचारत होती, नाळ कुठं पुरली?"

"सांग, पाषाणला.
अजून पुरली नाही.
अजून धरून आहे."

फोन ठेवला. कॅल्शियमची बाटली हलवून पाहिली.
मागवायला झालीय.