डब्याची मिनिटं

लग्नाचा ड्रोन आहे माझा.
पोटाशी जाळीची टोपली, टोपलीत गुलाबाच्या पाकळ्या.
औरंगाबाद रोडच्या लॉन्सवर
शेवटचं 'सावधान' झालं की मी कळ दाबतो.
एवढंच माझं आभाळातलं काम.

त्या पहाटे टेंभेकर मॅडमनी टोपली सोडली
आणि तिथे एक डबी बांधली,
पिवळ्या चिकटपट्टीचे चार वेढे देऊन.
"आमचा ड्रोन कसारा घाटात अडकलाय. तोवर तुमचा."
डबीत काय आहे, विचारलं.
"कान," म्हणाल्या.

पाइपांचे सांधे तपासणाऱ्यांची गाडी
रात्री अंबड लिंक रोडवर गचकली, पेटी पडली.
पेटी मिळाली. उघडी.
आतलं मिळालं नाही.
आतलं म्हणजे हरभऱ्याच्या डाळीएवढं,
वास नाही, उजेड नाही,
हातात घेतलं तर हाताला काही कळणार नाही.
त्या दिवशी तरी नाही.

थंडी अशी की बोटं काठीवर ठरत नव्हती.
पांडवलेणीचा डोंगर धुक्यात अर्धा.
खाली भंगाराची गल्ली:
पत्रे, बॉयलर, बसची दारं, दार नसलेले फ्रीज.
पाभर धरावी तसा सरळ गेलो,
वळलो, सरळ आलो. उंची चाळीस मीटर.
पॉइंट एक.
पॉइंट एक.
पॉइंट दोन.
कितीदा तरी पॉइंट एक, मला जांभई आली.
मग नऊ.
मग तीस, मग साठ,
आणि मॅडमनी चहाचा कप खाली ठेवला.

"निम्मे खाली या."
वीस मीटर. दोनशे चाळीस.
"अंतर निम्मं, आकडा चौपट," त्या म्हणाल्या,
शाळेत फळ्यापाशी म्हणावं तसं.

आणि पडद्यावर माणूस.
पालथ्या टपावर बसलेला, माकडटोपी,
मांडीवर डबा.
त्याने वर बघितलं, हात हलवला.

सगळेच हलवतात.
वरमाई हलवते, बँडवाला तुतारी उंचावतो,
जेवणाच्या रांगेतली पोरं तर ताटं हलवतात.
त्याला परत हात दाखवायला
माझ्या यंत्राला हात नव्हता.
ओरडायला तोंड नव्हतं.
पोलिसांची जीप गल्लीच्या दुसऱ्या तोंडाला,
फाटकाला कुलूप.

मॅडम काही म्हणायच्या आत
मी घारीसारखा सूर मारला.
शेकोटीची राख उडाली, माकडटोपी उडाली,
हातातली पोळी भिरभिरत पत्र्यावर.
त्याने दगड उचलला.
नेम चांगला होता, एक पंखा तुटता तुटता राहिला.
मी मागे सरलो. तो पुढे आला.
मी सरलो. तो शिव्या देत धावला,
दोन्ही हातांत दगड, पाय अनवाणी,
आणि मी त्याला लालूच दाखवत नेला
बॉयलरांमधून, टायरांमधून, गल्लीच्या तोंडापर्यंत.
दोनशे. नव्वद. बावीस. चार.
एवढ्या आईबहिणी मी आनंदाने कधी ऐकल्या नव्हत्या.

नाव मुनीर. गोदामाचा रात्रीचा राखणदार.
"किती वेळ बसला होतात?"
घड्याळ नव्हतं त्याच्याकडे.
"डबा खाईपर्यंत."
"किती पोळ्या?"
"तीन." माझ्याकडे बघून, "चौथी ह्याने उडवली."
मॅडमनी कागदावर रेघ मारली
आणि डब्याची मिनिटं केली.
टपापासून किती हात, हेही पावलांनी मोजून दाखवायला लावलं,
रिकाम्या रस्त्यावर.
मग सिव्हिलला रक्त.

ते डाळीएवढं लांब चिमट्याने उचललं,
शिशाच्या भांड्यात टाकलं, झाकण लावलं.
पोळी कुणी उचलली ते मी बघितलं नाही.

परवा पुन्हा लॉन्स. टोपली, पाकळ्या.
नवरीने वर बघून हात हलवला,
मेंदी कोपरापर्यंत,
आणि माझं बोट कळेवर जाईना;
नजर पडद्याच्या कोपऱ्यात, आकडा शोधत.
डबी नव्हती तिथे. माहीत होतं मला.
पाकळ्या उशिरा पडल्या, फोटोवाला चिडला.

मुनीरला महिन्याने परत बोलावलंय.
त्याचा फोन येतो अधूनमधून.
तब्येतीचं विचारलं की विषय बदलतो,
म्हणतो, "एक रोटी बाकी है तुमपे."