साज

सूरच्या खाडीत, वळणाच्या अलीकडे
एक गलबत चौदा वर्षं कुशीवर निजलेलं.
ओहोटीला त्याच्या फासळ्यांतून बगळे ये-जा करत.
खलफान बिन मुसल्लम म्हणाला, "ह्यातून मला घर हवं.
भिंतीवर टांगायची फळी नको.
छप्पर पेलणारं लाकूड हवं."

पेलणारं हा शब्द आला की माझं काम येतं.
मी आकडेमोडीची बाई:
गाळा, भार, वाक, आणि खाली सही.

दाजी मेस्त्री वालावलचे.
त्यांनी माझ्या मीटरकडे पाहिलंसुद्धा नाही.
हातोडीच्या दांड्याने पठाणावर टकटक केली,
कलिंगड घेताना लावतात तसा कान लावला,
म्हणाले, "जितां आसा."
मीटर म्हणाला, ओल अकरा टक्के.
दोघांचं इतक्या लवकर जमलं
म्हणून मी दोघांवरही थोडा संशय घेतला.

खिळे उपसायला सतरा दिवस गेले.
चौकोनी, हाताने घडवलेले, गंजून लाकडाशी एकजीव झालेले.
रुहुल अमीन एकेक मोजून डब्यात टाकायचा.
एक जरी आत राहिला तर करवतीचं पातं जाईल,
हे त्याला एकदाच सांगावं लागलं.
दोन हजार एकशे सहा.
पातं तरी एकदा गेलंच.
त्या दिवशी तो जेवला नाही.

इथे सागाला साज म्हणतात.
खलफानच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा
मला आधी दागिने दिसले, मग घोड्याची पाठ,
लाकूड सगळ्यात शेवटी.
"आणि आपला ग गेला कुठे?" मी विचारलं.
दाजी रंधा थांबवून म्हणाले,
"समुद्र ओलांडला की ग ची बाधा उतरते, बाई.
माझी पण उतरली."

नऊ तुळया निघाल्या. सातवी सर्वांत देखणी.
मधाचा रंग, चार मीटर सरळ, एक गाठ नाही.
मी सुईएवढं गिरमिट आत घातलं
आणि कागदावरची रेघ मध्येच खाली बसली,
अंधारात पायरी चुकावी तशी.
समुद्रकिड्यांनी आत गल्ल्या पाडलेल्या,
बाहेर खरचटलेलंही नाही.

"माझे आजोबा ह्याच लाकडावर पाय देऊन सुकाणूकडे जायचे,"
खलफान म्हणाला.
पाय देणं वेगळं, मी म्हटलं, छप्पर देणं वेगळं.
दोन दिवस तो कामावर फिरकला नाही.

सातवीच्या जागी नवं घ्यायचं ठरलं.
दुबईहून दलाल आला, शिक्क्यांची थप्पी घेऊन, सगळे हिरवे.
मी विचारलं, बुंधा कुठे आहे?
प्रमाणपत्र आहे ना, तो म्हणाला.
मी विचारलं, बुंध्याशेजारी काय लावलं?
त्याने चहा संपवला, थप्पी आवरली.
खलफानने माझ्याकडे पाहिलं,
मजुरी चालू होती, उन्हाळा येत होता.
मी वहीत बघत राहिले.

सव्वा महिन्याने दुसरीकडून तुळई आली.
सोबत एक चिठ्ठी: लागवडीचं साल, तोडीचं साल,
आणि एक फोटो.
त्यात ताजा बुंधा, शेजारी गुडघ्याएवढं रोप,
आणि कडेला, चुकून आलेली, कुणाची तरी चप्पल.
चिठ्ठी मी पडताळून घेतली.
विश्वास चपलेवर ठेवला.

छप्पर चढलं तेव्हा मी खाली पट्टी घेऊन उभी.
गणित म्हणालं होतं, सहा मिलिमीटर वाकतील.
जुन्या चार वाकल्या, नवी पाच.
खिळ्यांची भोकं दाजींनी बुजवली नाहीत,
मला न विचारता. मीही विचारलं नाही,
फक्त ती गणितात धरली.

सातवीचा पोकळ भाग कापून त्यांनी बाक केलं,
दाराबाहेर, खाडीकडे तोंड करून.
खलफान त्यावर बसला, उठला, पुन्हा बसला,
आणि म्हणाला, ह्याचंही लिहून दे.
मी लिहून दिलं:
माणसं दोन. फार तर तीन.
खाली सही.